लाल लाइटचं मशीन पेटत नाही, मधेच विझतं किंवा फरकच पडत नाही: उघडण्याआधी काय बघायचं

आधी तक्रारी लिहितो, दुकानात ज्या शब्दांत येतात त्याच शब्दांत. यातली तुमची कोणती ते बघा.

"बटण दाबलं की एकदा लुकलुकतं आणि गप्प."
"रात्रभर चार्जिंगला होतं, सकाळी मेलेलंच."
"दोन-तीन मिनिटं चालतं आणि मनानेच बंद होतं."
"हवेत धरलं तर पेटतच नाही."
"अर्धे दिवे गेले, अर्धेच लागतात."
"सगळं चालतंय भाऊ, पण दोन महिने झाले, तोंडावर काडीचा फरक नाही."
"लावायला लागल्यापासून तोंड आणखी काळं पडलं."

भुसावळात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारच्या खोलीत बायकोचं पार्लर, मधे एक पडदा. सुरकुत्या-मुरुमांसाठी चेहऱ्यावर धरायच्या या लाल लाइटच्या मशीनची चौकशी पडद्याच्या त्या बाजूला होते आणि मशीन बंद पडलं की ते या बाजूला येतं. "भाऊ, हाई बंद पडी गयं," म्हणत एखादी मावशी पिशवीतून डबा काढते. त्यातली बरीचशी मशीनं मी उघडतही नाही. केबल बदलून किंवा फडक्याने पुसून परत देतो. खरी डोकेदुखी होते ती घरी भाजीच्या सुरीने उघडून आणलेल्या मशीनची. रावेरकडच्या एका वहिनींचं मशीन त्यांच्या दिरांनी असंच उघडलं होतं. मूळ दोष होता चार्जिंगच्या केबलचा, पण सुरीने आतली चपटी पट्टी कापली गेली आणि मशीन कायमचं गेलं. म्हणून खालचा क्रम पाळा. आधी फुकटचं, मग स्वस्तातलं, उघडणं सगळ्यात शेवटी.

मनानेच बंद होतं

बहुतेक वेळा हा बिघाड नसतोच. अशा मशीनमध्ये टायमर असतो. कुठे ३ मिनिटं, कुठे १०. वेळ झाली की बंद व्हायचं, असं ते बनवलेलंच आहे, म्हणजे एकाच जागी गरजेपेक्षा जास्त प्रकाश पडत नाही. तीनदा घड्याळ लावून बघा. दर वेळी त्याच सेकंदाला बंद होत असेल तर टायमर आहे. वेळ दर वेळी वेगळी येत असेल, कधी दोन मिनिटं, कधी चाळीस सेकंद, तर पुढे वाचा.

काही मशीनना प्रवासाचं लॉकही असतं. पिशवीत बटण दाबलं जाऊन पेटू नये म्हणून ते दिलेलं असतं. बटण पाच-सहा सेकंद दाबून धरलं की सुटतं. डब्यातली पुस्तिका कोणी वाचत नाही, ती एकदा वाचा.

चार्जच होत नाही: केबल

माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारा दोष हाच. सोडवायला पन्नास-शंभर रुपयेही लागत नाहीत.

मशीनला खाली सी टाइपचं तोंड असतं. घरात नव्या मोबाइलचा चार्जर असतो, त्यालाही सी टाइपचं तोंड. दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावली की सगळं छान बसतं, पण वीज जात नाही. कारण असं: दोन्हीकडे सी असलेल्या केबलमध्ये चार्जर आधी चाचपून बघतो, पलीकडे कोणी घेणारं आहे का. पलीकडच्या यंत्रात ५.१ किलोओहमचे दोन बारीक रेझिस्टर (वीज अडवणारे छोटे तुकडे) असले तर त्याला "आहे" असं कळतं आणि मग तो ५ व्होल्ट सोडतो. स्वस्त मशीन बनवणारे नेमके हे दोन रेझिस्टर वाचवतात. चार्जरला पलीकडे कोणी दिसत नाही, तो गप्प बसतो, आणि आपण रात्रभर मशीन भिंतीला टांगून ठेवतो.

उपाय: जुन्या मोबाइलचा, रुंद चौकोनी तोंडाचा साधा चार्जर घ्या. एका टोकाला तेच रुंद तोंड आणि दुसऱ्याला सी असलेली केबल लावा. या केबलमध्ये विचारपूस नसते, ५ व्होल्ट थेट येतात. मशीनच्या डब्यात आलेली आखूड केबल बहुधा याच जातीची असते. ती फेकू नका.

तरीही नाही? मग सॉकेटमध्ये मोबाइलचा टॉर्च मारून बघा. पर्समध्ये राहिलेल्या मशीनच्या सॉकेटमध्ये पावडर, धागे आणि कणिकसुद्धा निघते. कोरड्या लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने काढा. टाचणी घालायची नाही, आतल्या पिना एकमेकींना चिकटल्या तर दोष आपणच तयार करतो.

ऊन

पुण्या-मुंबईच्या लोकांना हा भाग वाचून हसू येईल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास खेळतो, आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत रात्री दहालाही भिंत हाताला गरम लागते. मशीनमध्ये लिथियम बॅटरी असते. साधारणपणे ती ० ते ४५ अंशांच्या बाहेर चार्ज करायची नसते. बऱ्या मशीनमध्ये तापमान मोजणारा एक दाणा असतो, तो गरम झाला की चार्जिंग तोडतो. पेटलेलं मशीनही तोच बंद करतो. लाल एलईडी गरम झाले की त्यांचा उजेडही उतरतो, म्हणजे तापलेलं मशीन पेटलं तरी पूर्ण ताकदीने पेटत नाही.

वेगवेगळ्या वेळी बंद पडण्याच्या तक्रारी माझ्याकडे होळीनंतर सुरू होतात आणि मृग लागला की कमी होतात. तपासणी सोपी आहे. मशीन अर्धा तास माठाशेजारी किंवा कूलरच्या वाऱ्यात ठेवा आणि पहाटे वापरून बघा. पहाटे नीट चाललं आणि दुपारी बंद पडलं, तर मशीन चांगलं आहे, वेळ चुकते आहे. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. गार मशीन बाहेर काढलं की आत दव धरतं आणि सर्किटवर गंज चढतो. स्कूटीच्या डिक्कीत आणि बंद गाडीत ठेवायचं नाही, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण लोक ठेवतात.

हवेत धरलं तर पेटत नाही, गालाला लावलं तर लुकलुकतं

पुष्कळ मशीनच्या तोंडाभोवती धातूची कडी किंवा दोन-चार टिकल्या असतात, काहींच्या मुठीवरही एक पट्टी असते. कातडीचा स्पर्श झाला तरच दिवे लागतात. हवेत न पेटणं हा दोष नाही, डोळ्यांच्या काळजीसाठी केलेली ती सोय आहे. गालाला लावूनही पेटत नसेल तर त्या टिकल्यांवर वाळलेल्या क्रीमचा थर असतो. नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो, कोरफडीच्या जेलचा तर अगदी पारदर्शक, दिसतच नाही. त्यात बोअरच्या पाण्याने ओलं फडकं फिरवलं असेल तर क्षाराचे पांढरे डागही असतात.

धातूच्या टिकल्या कापसाच्या बोळ्यावर थोडं सर्जिकल स्पिरिट घेऊन पुसा. फक्त टिकल्या. मधली लाल काच ही काच नसून बहुधा ॲक्रिलिक नावाचं प्लॅस्टिक असतं, आणि त्याला स्पिरिट लागलं की त्यावर केसासारख्या चिरा पडतात. मी हे एकदा स्वतः करून बसलो आहे. गिऱ्हाइकाचं मशीन चकाचक करायला गेलो, दुसऱ्या दिवशी तोंडावर कोळ्याचं जाळं. नवं मशीन घेऊन द्यावं लागलं. प्लॅस्टिकसाठी प्यायच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मऊ फडकं पुरेसं आहे. नळाखाली धरू नका.

हिवाळ्यात, गाल कोरडे असताना, टिकल्या स्वच्छ असूनही स्पर्श लागत नाही. मुठीवर पट्टी असेल तर तळहात ओलसर करून धरा, बऱ्याचदा तेवढ्याने पेटतं.

अर्धे दिवे गेले

थांबा. बहुतेक वेळा ते गेलेले नसतात. या मशीनमध्ये दोन जातीचे एलईडी असतात. एक दिसणाऱ्या लाल रंगाचे, साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटरचे (हे प्रकाशलहरीच्या लांबीचं माप). दुसरे जवळच्या अवरक्त पट्ट्यातले, ८३० किंवा ८५० नॅनोमीटरचे, जे आपल्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाहीत. फार तर विझत्या निखाऱ्यासारखी लाली दिसते.

तपासणी मोबाइलने होते. आधी टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या, म्हणजे सेल्फीच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर रिमोटच्या टोकाला जांभळट-पांढरा ठिपका दिसला तर तो कॅमेरा या कामाचा. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा अवरक्त अडवणारी चाळणी जास्त कडक असते, म्हणून पुढचा वापरायचा. आता पेटलेलं मशीन त्याच्यासमोर धरा. "मेलेले" दिवे स्क्रीनवर लखलखतील. हे दाखवलं की समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो कुठल्याही लाल लाइटपेक्षा भारी असतो.

कॅमेऱ्यातही अंधारच असेल आणि सरळ एक अख्खी ओळ काळी दिसत असेल, तर ओळीतला एखादा एलईडी उडाला आहे. ते माळेसारखे एकापाठोपाठ जोडलेले असतात, एक तुटला की त्याची पूर्ण माळ जाते. हे काम दुकानाचं.

मशीन ठणठणीत, पण फरक नाही

इथे माझा स्क्रू ड्रायव्हर काही कामाचा नाही, बोलावं लागतं.

हातातल्या मशीनचं तोंड पाच सेंटिमीटर रुंद, चेहरा त्याच्या कितीतरी पट मोठा. पुस्तिकेत लिहिलेलं असतं "३ मिनिटं". ती एका जागेची असतात. बायका (आणि हो, हल्ली लग्नाआधी मुलंही) मशीन इस्त्रीसारखं सगळ्या तोंडावर फिरवतात आणि ३ मिनिटांनी ठेवून देतात. हिशेब करा. समजा मशीनची ताकद दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॉट आहे. एका जागी १८० सेकंद धरलं तर तिथे दर चौरस सेंटिमीटरला ५.४ जूल ऊर्जा पोहोचते. तीच तीन मिनिटं दहा जागांत वाटली तर प्रत्येकीला १८ सेकंद आणि जेमतेम अर्धा जूल. म्हणजे दहापट कमी. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे भाग पाडा आणि प्रत्येक जागी पुस्तिकेतला पूर्ण वेळ द्या. सगळा चेहरा व्हायला अर्धा तासही लागतो. तेवढा वेळ नसेल तर आज कपाळ, उद्या गाल असं करा.

मशीन तोंडापासून वीतभर लांब धरलं तरी प्रकाश पसरून पातळ होतो. टेकवून वापरायचं मशीन टेकवूनच धरायचं. आणि चेहरा धुतलेला, कोरडा हवा. सनस्क्रीनमधलं झिंक, फाउंडेशन, बेसन-हळदीचा राहिलेला थर, सगळे प्रकाश अडवतात. क्रीम लावायचं ते नंतर.

यावर "मग रोज दोनदा तासभर लावते" हा उपायही चालत नाही. या प्रकाशाचा परिणाम एका मर्यादेपर्यंत वाढतो आणि पुढे उलटा उतरतो. पिकाला पाणी देण्यासारखंच आहे, केळीला ठिबक सोडून पाट फोडला तर मुळं कुजतात. घरच्या मशीनला साधारणपणे आठवड्यात तीन ते पाच वेळा आणि सलग आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. हळद पंधरा दिवसांवर आली म्हणून आज मशीन घेतलं, तर त्या लग्नात ते दिसणार नाही.

आणि काय दिसेल? बारीक सुरकुत्या थोड्या सौम्य, हलक्या मुरुमांची लाली थोडी कमी. काही जणांना तेही नाही. १९६७ मध्ये हंगेरीत एंड्रे मेस्टर या डॉक्टरांनी भादरलेल्या उंदरांवर लाल लेसर सोडला आणि त्यांचे केस लवकर उगवले, तिथून हा विषय सुरू झाला. पेशींतल्या मायटोकाँड्रियामधलं (पेशीचं ऊर्जा बनवणारं केंद्र) एक एन्झाइम हा प्रकाश शोषतं आणि पेशीला काम करायला जास्त ऊर्जा मिळते, असं आज मुख्यतः मानलं जातं. रंग उजळण्याचा त्यात कुठेच संबंध नाही. गोरं व्हायला घेतलं असेल तर मशीनमध्ये दोष शोधू नका.

आता उघडायचं का?

वॉरंटी असेल तर नाही. मागचं स्टिकर फाटलं की कंपनी हात वर करते.

वॉरंटी संपलेली असेल आणि तुम्हाला मल्टिमीटर, सोल्डरिंगची सवय असेल तर एवढंच बघा. बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट आहेत. पूर्ण चार्ज झालेल्या लिथियम सेलला ४.२ च्या आसपास येतात, ३ च्या खाली असेल तर सेल बहुधा गेला. बटण दाबताना क्लिक होतं पण सर्किटला कळत नाही, असं असेल तर बटणाखालचा डाग (सोल्डरचा सांधा) सुटलेला असतो. सॉकेट हलत असेल तर त्याचा डाग. या दोन दुरुस्त्या मोबाइलवाल्या कोणाकडेही होतात. त्यापुढे हात घालू नका.

आणि एक लक्षण असं की ते दिसलं की तपासणी तिथेच बंद. मशीनचा सांधा फाकलेला, त्यात नाणं जाईल एवढी फट, किंवा हाताला फुगवटा लागतोय. बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावू नका, दाबून फट बंद करू नका, टोचू नका. घरातल्या कचऱ्यातही टाकू नका. कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून बाहेर ओट्यावर ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला बोलवा. जळका वास, सॉकेटभोवती तपकिरी डाग, चार्ज होताना हात लावता येणार नाही इतकं गरम, यांनाही हाच नियम.

तोंड काळं पडलं, लाल झालं, आग होते

ही तक्रार मी पडद्याच्या पलीकडे पाठवतो आणि बायको ती डॉक्टरांकडे पाठवते. तरी दोन गोष्टी आम्हा दोघांच्या इतक्या वेळा पाहण्यात आल्या आहेत की लिहितो.

पहिली, वांग. गालाच्या हाडांवर, ओठावर तपकिरी पट्टे. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीत वांग उष्णतेने आणि दिसणाऱ्या प्रकाशानेही चाळवतं. त्यात निळा-जांभळा प्रकाश सगळ्यात वाईट. पुष्कळ मशीनमध्ये मुरुमांसाठी निळा मोडही असतो आणि तो चुकून लागलेला असतो. काही मशीन तोंडाशी गरमही होतात. वांग असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाच मोड नको.

दुसरी, ट्यूब. तोंड लाल, कातडी पातळ, बारीक शिरा दिसतात, उन्हात गेलं की आग, आणि सगळा दोष मशीनवर. बायको विचारते, "ताई, तोंडाला दुसरं काय लावता?" मग पर्समधून गोरं करणारी म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब निघते. मागे बारीक अक्षरांत बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असतं. ही स्टेरॉइड आहेत. महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावली की असंच होतं. एकदम बंद केली तर उलट जास्त भडकतं, म्हणून सोडायचीही ती डॉक्टरांच्या सांगण्याने. मशीन तोवर कपाटात.

मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, ल्युपस (उन्हाने भडकणारा आजार) असेल, प्रकाश लुकलुकला की फिट येत असेल, तोंडावर न भरणारी जखम किंवा रंग-आकार बदलणारा तीळ असेल, तर पहिल्यांदा मशीन लावण्याआधीच विचारा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, त्वचेची ओपीडी तिथे मिळते. मशीनच्या किमतीपुढे केसपेपरचा खर्च काहीच नाही.

डोळ्यांचं राहिलं. पापणी मिटली तरी लाल आणि अवरक्त प्रकाश थोडाफार आत जातोच, आणि अवरक्त दिसतच नसल्याने डोळा आपोआप मिटतही नाही. २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीने प्रकाशाचा मुखवटा डोळ्यांच्याच काळजीपोटी बाजारातून परत घेतला होता. डब्यातला काळा चष्मा लावा, डोळ्याच्या खोबणीवर मशीन आणू नका. वापरल्यावर अंधुक दिसलं, ठिपके तरळले, डोळा दुखला तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

मशीन दुकानात आणणार असाल तर नुसतं मशीन आणू नका. मूळ केबल, तुम्ही वापरता तो चार्जर आणि पुस्तिका सोबत आणा. आणि मे महिन्यात दुपारी एक ते चार येऊ नका. मशीन वाटेतच तापतं, मग ते बिघडलेलं आहे की नुसतं तापलेलं, हे कळायला मला ते तासभर माठाजवळ ठेवावं लागतं.